टिकाऊ भांडे आणि त्याचे राखणदार : महाराष्ट्रातील तांब्या-पितळेच्या भांड्यांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

घरगुती वस्तूंचा इतिहास हे मराठी इतिहासलेखनातील बऱ्याच अंशी उपेक्षित क्षेत्र आहे. राजकीय घडामोडी, महसूल, न्याय, धर्मसुधारणा या विषयांवर विपुल लेखन झाले. परंतु हंडा, कळशी, घंगाळ, परात, तपेले, ताम्हण, समई या वस्तूंकडे पाहिले गेले ते मुख्यतः संग्राहकाच्या दृष्टीने. डॉ. दि. गं. केळकर (१८९६-१९९०) यांनी आयुष्यभर जमवलेला आणि महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा ठेवा हे या दृष्टीचे सर्वांत मोठे फलित होय. संग्राहकाची नजर सुंदर आणि दुर्मीळ वस्तूवर स्थिरावते, हे स्वाभाविकच आहे. रोजच्या वापरातले, पोचे पडलेले, तीन वेळा डाक दिलेले पातेले मात्र तिच्यातून निसटते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशी रोजच्या वापरातील तांब्या-पितळेची भांडी आणि त्यांचा टिकाऊपणा हा आहे. आज टिकाऊ वस्तू शोधणारा ग्राहक टिकाऊपणा हा वस्तूचा अंगभूत गुण आहे असे गृहीत धरतो. धातू कोणता, पत्रा किती जाड, हमी किती वर्षांची, एवढे विचारले की त्याची चौकशी संपते. जुन्या गृहिणीची चौकशी एवढ्यावर संपत नसे. भांडे पोचले तर तांबट जवळ आहे काय, कल्हईवाला किती महिन्यांनी येतो आणि मोडीला हे भांडे काय भावाने जाईल, हे प्रश्न ती खरेदीच्या वेळीच मनाशी धरी. तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती केवळ धातूच्या बळावर नव्हे, तर त्या धातूभोवती उभ्या राहिलेल्या कारागिरी, दुरुस्ती आणि विनिमयाच्या व्यवस्थेच्या बळावर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या व्यवस्थेत प्रवेश कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो.

पत्रा आणि मठार

पुण्यातील कसबा पेठेतील तांबट आळी हे या व्यवसायाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र. येथील त्वष्टा कासार, म्हणजेच तांबट, पेशवेकाळात कोकणातून पुण्यात येऊन स्थायिक झाले. नाशिक आणि भंडारा ही आणखी दोन नामांकित ठिकाणे. भंडाऱ्याच्या तर नावाचाच संबंध लोक भांड्यांशी जोडतात. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, गावाची पितळेच्या भांड्यांसाठीची ख्याती खरी आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतील पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात पुणे शहरातील तांब्या-पितळेच्या कामाची तपशीलवार माहिती येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या धंद्यात एक मूलभूत बदल घडत होता. तोपर्यंत धातूची लगड तापवून, ठोकून तिचा पत्रा काढणे हे कारागिराचे पहिले आणि सर्वांत कष्टाचे काम होते. इंग्लंडहून मुंबई बंदरात तयार पत्रा येऊ लागला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर तो पुण्यात सुलभपणे पोहोचू लागला. वसाहतकाळात विलायती मालाने देशी कारागिरी सरसकट बुडाली, हे आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतील परिचित सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. तीर्थंकर रॉय यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पितळी भांड्यांच्या उद्योगाचा समावेश करून याच सूत्राची फेरतपासणी केली आहे. विलायती पत्र्याने पत्रा काढणाऱ्याचे काम हिरावले हे खरे. पण त्याच पत्र्यामुळे भांडे स्वस्त झाले आणि मातीच्या उतरंडीवर भागवणाऱ्या अनेक घरांत पितळेची घागर प्रथमच आली. आपण ज्यांना ‘पणजीच्या काळची भांडी’ म्हणतो, त्यांतील पुष्कळशी या विलायती पत्र्याची असण्याचा संभव आहे.

पत्रा विलायती असला तरी भांड्याचे आयुष्य ठरे ते मठाराच्या कामावर. पत्रा भट्टीत लाल होईपर्यंत तापवला की मऊ पडतो, ठोकला की कठीण होत जातो. आकार देताना कारागीर त्याला पुनःपुन्हा ताव देई आणि शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने साऱ्या अंगावर एकसारखे ठोके घाली. हेच मठारणे. मठाराचे ठसे म्हणजे नक्षी असा आज अनेकांचा समज आहे. ते सुंदर दिसतात यात शंका नाही. परंतु त्यांचे मूळ प्रयोजन पत्र्याला कणखरपणा आणणे हे होते. न मठारलेला हंडा विहिरीच्या काठावर एकदा आपटला तरी पोचतो. मठारलेला हंडा तेवढा धक्का सोसतो आणि पोचलाच, तर तोच तांबट त्याच हातोडीने पोचा काढून देतो. घडवणारा आणि दुरुस्त करणारा एकच, ही या धंद्याची रचना टिकाऊपणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची होती. झिजलेला तळ कापून नवा बसवता येई, सांधा सुटला तर डाक देता येई. पाणी तापवण्याच्या बंबाचे एकेक भाग अशा रीतीने बदलत गेले, तरी घरातल्यांच्या लेखी बंब तोच राही.

कल्हई

तांब्या-पितळेचा एक मोठा दोष होता. ताक, चिंच, कोकम, लिंबू यांतील आम्लाची या धातूंवर क्रिया होते आणि पदार्थ कळकतो. कळकलेले ताक हिरवट दिसते, उग्र लागते आणि पोटात गेल्यास अपाय करते. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाचा लेप देणे, म्हणजे कल्हई करणे, यासाठी अपरिहार्य होते.

कल्हईची क्रिया रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गात दाखवावी अशी आहे. भांडे राखेने वा वाळूने घासून भट्टीवर धरतात, भात्याने जाळ फुलवतात आणि भांडे पुरेसे तापले की नवसागराची पूड टाकतात. उष्णतेने नवसागराचे विघटन होऊन निघणारे आम्ल धातूवरील काळसर थर काढून टाकते. पांढऱ्या धुराचा लोट उठतो तो याच वेळी. त्या क्षणी कथलाची कांडी फिरवली की कथील वितळून पसरते आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून सर्वत्र सारखे केले जाते. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. या अंतरामुळेच रस्त्याकडेला खणलेल्या खड्ड्यात, कोळशाच्या जाळावर हे काम होऊ शकते. मात्र लेप पातळ असतो. उलथन्याने, घासण्याने तो झिजतो आणि वापराच्या मानाने काही महिन्यांत पुन्हा कल्हई करावी लागते.

म्हणजे आपल्या परंपरेतील ‘सर्वांत टिकाऊ’ भांडे वर्षातून अनेकदा निकामी होत असे आणि अनेकदा उपयोगी केले जात असे. हे काम बहुधा फिरत्या मुसलमान कारागिरांकडे होते. ब्राह्मणाच्या सोवळ्याच्या स्वयंपाकातील पातेलेही कल्हईवाल्याच्या हातून जाऊनच पुन्हा चुलीवर चढे. अग्नीने धातू शुद्ध होतो ही धर्मशास्त्रीय सोय येथे उपयोगी पडली असावी. शुद्धाशुद्धतेच्या कडक नियमांनाही स्वयंपाकघराच्या गरजेपुढे वाट काढावी लागते, याचे हे एक उदाहरण मानता येईल. कथील तर महाराष्ट्रात मिळतच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाच्या बाजारात मलायाचे कथील प्रमुख होते. खेड्यातील स्वयंपूर्ण घर या कल्पनेला एवढा एक तपशीलही छेद देण्यास पुरेसा आहे.

दारोदार फिरणाऱ्या राखणदारांत टाकारीही येतात. जाते, पाटा, वरवंटा या दगडी वस्तू झिजून गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करावे लागे. त्यावाचून पिढ्यान्‌पिढ्यांचे जातेही निरुपयोगी. हे काम करणारा समाज ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणला गेला. १८७१ मध्ये सुरू झालेली ही कायद्यांची मालिका १९५२ मध्ये रद्द झाली आणि महाराष्ट्रात टाकारी आज विमुक्त जातींत गणले जातात. घरोघरीच्या दळणाची सोय ज्यांच्या टाकीवर अवलंबून होती, त्यांना भटकण्यासाठीच गुन्हेगार ठरवावे, हा विरोधाभास आपल्या सामाजिक इतिहासात पुरेसा अधोरेखित झालेला नाही.

मोड

जुने भांडे अगदीच कामातून गेले तरी टाकले जात नसे. ते कासाराच्या दुकानी मोड म्हणून जाई. व्यापारी ते तोलून, घट धरून त्याचा धातूचा भाव ठरवी. नव्या भांड्याच्या किमतीत धातूचे वजन आणि मजुरी असे दोन भाग असत. मोडीची रक्कम त्यातून वजा करून गिऱ्हाईक फक्त फरक भरी. मराठीत ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आज निरुपयोगी ठरवून टाकून देणे या अर्थाने चालतो. भांड्यांच्या व्यवहारात मात्र मोडीला निश्चित भाव होता. भाषेने हा व्यवहार जवळजवळ उलटा करून ठेवला आहे.

मोडीच्या या प्रथेमुळे भांडे हे घरातील छोटे चलन बनले. अडीअडचणीला ते सावकाराकडे गहाण पडे. १८७६-७८ आणि १८९६-१९०० या काळातील दुष्काळांत दख्खनमधील कुटुंबांनी दागिने आणि जनावरांबरोबर भांडीकुंडीही विकली. कर्जदाराच्या घरावर जप्ती आली की पहिली नजर भांड्यांवर जाई. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कलम ६० अन्वये ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी यांना जप्तीतून वगळले. ‘आवश्यक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्या भांड्यांत अन्न शिजते ती राखायची. मांडणीवर चकाकणारी राखीव भांडी ही मालमत्ता समजायची, असा भेद त्यात गृहीत आहे. घरातील सर्वच वस्तू विकून पैसा उभा राहत नाही. पितळेचा होत असे, म्हणूनच कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली.

या प्रथेचा इतिहासाच्या साधनांवर झालेला परिणाम प्रतिकूल आहे. धातू टिकला, आकार टिकले नाहीत. आजच्या परातीत दीडशे वर्षांपूर्वीच्या घागरीचे पितळ असू शकते, पण ती घागर कशी होती हे आपल्याला दिसत नाही. घरगुती धातूची जुनी भांडी अभ्यासकाच्या हाती लागतात ती बहुधा मोडीच्या या चक्रातून अपघाताने सुटलेली. कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेला सातवाहनकालीन कांस्यवस्तूंचा संचय याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील रोमन पोसायडनच्या मूर्तीची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यासोबत मिळालेल्या भांड्यांची तुलनेने कमी. ही भांडी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण ती जमिनीखाली गेली आणि कोणालाही मोडीला घालता आली नाहीत.

भांडे कोणाचे ?

टिकाऊ वस्तू बाळगण्याचा अधिकार हा केवळ ऐपतीचा प्रश्न नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या आपल्या भाषणग्रंथात तत्कालीन मुंबई इलाख्यातील अहमदाबाद जिल्ह्यातील झानू या गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये घडलेली घटना नोंदवली आहे. बऱ्या स्थितीतील अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपल्या प्रतिष्ठेचा अवमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. भांडे त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते. आक्षेप पाण्याला नव्हता, भांड्याला होता. मातीच्या घागरीने भागवावे, दर वर्षी फुटावे आणि दर वर्षी नवी आणावी, ही स्थिती गावाने ठरवून दिली होती. जो धातू साठतो, गहाण पडतो, मोडीला जातो आणि पुढच्या पिढीला मिळतो, त्यापासून एका समाजाला दूर ठेवणे म्हणजे त्याला संचयापासूनच दूर ठेवणे होते. जुन्या भांड्यांविषयीच्या आपल्याकडील स्मरणरंजनपर लेखनात ही बाजू जवळपास कोठेच येत नाही. ‘पूर्वी घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती’ हे विधान म्हणूनच तपासून घेतले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत स्थिती निराळी, पण तितकीच गुंतागुंतीची होती. जमीन आणि घर पुरुषांच्या नावे. स्त्रीच्या वाट्याला दागिने, वस्त्रे आणि भांडी. रुखवतात मांडलेली भांडी सासरी तिच्याबरोबर जात आणि धर्मशास्त्राच्या परिभाषेत ती स्त्रीधनात मोडत. व्यवहारात मात्र ती सासरच्या मांडणीवर इतर भांड्यांत मिसळून जात. स्त्रीधन हे स्त्रीच्या पूर्ण मालकीचे असून पती वा सासरची मंडळी ते तिच्या वतीने केवळ सांभाळतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. भांड्यावर नाव घालून घेण्याच्या प्रथेला या पार्श्वभूमीवर वेगळा अर्थ प्राप्त होतो.

स्टेनलेस स्टीलचे आगमन

तांब्या-पितळेला पहिला शह ॲल्युमिनियमने दिला. मद्रासच्या कलाशाळेत १८९८ मध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करण्याचा प्रयोग आरंभला आणि विसाव्या शतकात ही हलकी, स्वस्त, कल्हई न लागणारी भांडी सर्वदूर पसरली. मराठी घरांत त्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत. गरिबांना त्यांनी दिलेला दिलासा मोठा होता. पण ती लवकर वाकत आणि मोडीला फारसा भाव येत नसे. पितळेची जागा त्यांनी घेतली नाही, मातीची घेतली.

पितळेची जागा घेतली ती स्टेनलेस स्टीलने. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये ज्याचा पाया घातला ते हे न गंजणारे पोलाद. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, अदृश्य थर तयार होतो आणि तो खरवडला गेला तरी हवेच्या संपर्काने आपोआप पुन्हा बनतो. तांब्याच्या भांड्याला जो लेप कल्हईवाला द्यायचा, तो येथे धातू स्वतःच देतो. तांब्याचा राखणदार रस्त्यावर होता, पोलादाचा त्याच्या अंगातच आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी सेलम येथील सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात स्टेनलेस स्टीलचे पत्रे निघू लागले आणि पुढील काळात स्टीलची भांडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात पूर्णपणे आली. तोवर जुन्या जरीच्या साड्या घेऊन बदल्यात भांडे देणाऱ्या बोहारणीच्या पाटीतही स्टील आलेले होते.

स्टीलची निवड ही गृहिणींनी विचारपूर्वक केलेली निवड होती, असे म्हणणे भाग आहे. चिंच-राखेने रोज भांडी घासण्याचे कष्ट स्त्रियांचे होते, कळकलेल्या आमटीचा दोषही त्यांच्याच माथी येत असे. पितळ गेले म्हणून हळहळणाऱ्यांत ते घासणारे हात फारसे आढळत नाहीत. परंतु व्यवस्थेच्या पातळीवर घडले ते असे : स्टीलचे भांडे कल्हई मागत नाही, म्हणून कल्हईवाला उरला नाही. ते यंत्रावर दाबून घडते, म्हणून त्याला तांबट लागत नाही. मोडीत त्याला पितळेच्या मानाने अत्यल्प भाव मिळतो, म्हणून गहाणाची आणि संचयाची शक्ती त्याच्यात नाही. कल्हईवाला दुर्मीळ झाल्यावर उरलेली तांब्याची भांडीही वापरण्याजोगी राहिली नाहीत. भक्कम, दोन पिढ्या आरामात पुरतील अशी तपेली केवळ कल्हईअभावी माळ्यावर गेली आणि माळ्यावरून मोडीला.

पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरांच्या भांडी घडवण्याच्या कलेचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१४ मध्ये समावेश झाला. पुण्याच्या तांबट आळीतही मठाराच्या कामाला शोभेच्या आणि भेटीच्या वस्तूंमुळे नवे गिऱ्हाईक मिळू लागले आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र गौरव घडवणाऱ्याचा होतो, राखणाऱ्याचा क्वचितच.

कोरलेली नावे : एक दुर्लक्षित साधन

भांड्यावर नाव घालण्याची प्रथा पंगतीच्या सोयीतून वाढली. लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी गोळा होत आणि परतताना अदलाबदल होऊ नये म्हणून खूण लागे. आरंभी ही अक्षरे छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी उमटवीत, पुढे विजेवर चालणारे यंत्र आले. मजकूर बहुधा एका ओळीचा असतो : देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तिथी वा सन. पण या एका ओळीत नातेसंबंध, आहेराच्या रीती, स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे नाव, शकाकडून इसवी सनाकडे झालेला बदल, आडनावांच्या लेखनातील फरक, एवढे सारे येते. ज्या स्त्रियांची नावे सातबाऱ्यावर, दप्तरात, सभेच्या वृत्तान्तात कोठेही नाहीत, त्यांची नावे वाटी-तांब्यांवर आहेत. मंदिरे आणि जातपंचायती यांच्या मालकीच्या पंगतीच्या मोठ्या भांड्यांवर तर वर्गणीदारांचीही नावे आढळतात.

हे साधन वेगाने नष्ट होत आहे. मोड वितळवण्यापूर्वी दुकानात तांबे, पितळ, कासे असे ढीग वेगळे केले जातात. अक्षरांकडे पाहण्याचे तेथे कोणाला कारण नाही. इतिहास आणि मराठी विभागांतील पदवी वर्गाच्या प्रकल्पकार्यासाठी हा विषय सहज घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्याने आपल्या घरातील आणि आळीतील भांड्यांपासून आरंभ करावा. भांड्याचे स्थानिक नाव, वजन, उंची, सांधा कोठे आहे, तळ बदललेला आहे काय, आतून कल्हईच्या खुणा आहेत काय, हे नोंदवावे. मजकूर अशुद्धलेखनासह जसाच्या तसा उतरवावा आणि भांडे कोणाकडून कोणाकडे आले हे घरातील वृद्ध स्त्रीला विचारून लिहावे. विदर्भात ज्याला गुंड किंवा गंज म्हणतात त्याला पुण्याकडचे नाव देऊ नये. गावात कासाराचे जुने दुकान असल्यास तेथील मोडीचा ढीग आठवड्यातून एकदा पाहण्याची परवानगी मागावी. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त तोलाच्या वेळी मध्ये येऊ नये एवढीच त्यांची अट असते.